न वाजणारी पेटी

१६ ऑक्टोबर

इतकी वर्षं मी माझ्याच भावाच्या बोलण्यावर इंजिन चालवत आलो. आज शेडात नाटक कंपनीच्या दिवे-माइकचा जनरेटर धुताना हे डोक्यात आलं आणि मग काम सुचेना.

कारण मागच्या हंगामातलं शेवटचं नाटक, ब्रह्मपुरीकडचं. सामान भरताना एक म्हातारा जवळ आला. "तो बापाचं काम करते तो तुमचा भाऊ ना जी? दिसते मस्त. पन आयकूच नाई ये." मी म्हटलं, माइक बिघडला होता. लबाड बोललो. माइक ठणठणीत होता. स्टेजमागं माझं डिझेल इंजिन होतं.

दादाचं काम म्हणजे शेवटचा प्रवेश. पोरगा घर सोडायला सांगतो, बाप भांडत नाही, निघतो, आणि निघताना हळू बोलतो. बाकीचे नट छाती फाडून ओरडतात, दादा हळू बोलतो. त्या हळू बोलण्यावर आमच्या या चार जिल्ह्यांच्या झाडीपट्टीत त्याचं नाव झालं. आता ते पुढच्या रांगेलाही धड ऐकू येत नाही. सगळ्यांना फक्त माझा अल्टरनेटर.

साउंडवाला आवाज वाढवत नाही. वाढवला की वर टांगलेले माइक इंजिनाचीच घरघर ओढतात आणि शिट्टी मारतात. त्याचं बरोबर आहे. दोष माझ्या मशीनचा, म्हणजे माझा.

दिवाळी झाली की हंगाम लागेल. त्याआधी इलाज.

१९ ऑक्टो.

चंद्रपूरला जाऊन 'सायलेंट' जनरेटर पाहून आलो. झाकण उघडू दिलं नाही. बाजूच्या जाळीतून बॅटरी मारली, तेवढं पुरलं. आत फोम, हवेच्या वाटेला वळणं, पायाखाली रबर. बस एवढंच.

दुकानदार : "काका, हे घरी होत नाही."

बरं. आयटीआय मी रस्त्यावरून पाहिली आहे. पण आमच्या पंचक्रोशीत असं एक इंजिन दाखवा की जे माझ्या हाताखालून गेलं नाही.

आवाज अडवायला वजन पाहिजे, आणि फट नको. इंजिन जगवायला हवा आली पाहिजे, गेली पाहिजे. दोन्ही एकमेकांच्या उलट. सगळी मजा तिथंच आहे.

जनरेटरभोवती पेटी, तिला दुहेरी भिंत करायची. बाहेर जाड प्लाय, आत पातळ, मधल्या चार बोटांत धानाचा कोंडा ठासून. राइस मिलच्या मागं डोंगर पडला आहे, कोणी विचारत नाही. फोम चुरतो. कोंडाही धुमसतो, म्हणून सायलेन्सरच्या बाजूची भिंत कोंड्याची नाही, वाळूची. मुद्दाम लिहून ठेवतो. पुढं कोणी नक्कल केली तर नेमकं हेच चुकवेल.

२४ ऑक्टो.

सांगाडा उभा झाला. चारही कोपरे गुण्यात, पक्के काटकोनात. सौ. येऊन पाहून गेली.

"हे काय, कोंबड्याईचं खुराडं?"

"जनरेटरचं घर."

"मानसाईचं घर गळून राह्यलं, आन जनरेटरले घर."

दुपारी वहिनी आली, कोहळ्याच्या वड्या घेऊन. दादा झोपला होता म्हणाली. बराच वेळ पेटीकडं पाहत उभी होती.

"भाऊजी, आवाज पुरा बंद करता का?"

"पुरा नाही होत. चार आणे राहील."

"थोडा जास्त राहू द्या ना जी. नाटकात जरा गलबला असला का मानूस मोकळा बोलते."

मी तिला नीट समजावलं. मोठा आवाज बारीक आवाजाला कसा खातो, माइक कसा ओढतो, दादाचं बोलणं शेवटच्या रांगेपर्यंत कसं जाईल. खडूनं पत्र्यावर काढूनही दाखवलं. ती "हाव, हाव" म्हणत राहिली. चहा न घेता गेली.

सौ. नंतर म्हणाली, "त्याईले काही म्हनाचं होतं."

मी म्हटलं, म्हणून झालं की.

२८ ऑक्टो.

पहिली चाचणी. फेल.

आवाज पडला, त्यात शंका नाही. पण थोड्याच वेळात बेल्टचा वास. झाकण उघडलं तर तोंडावर भट्टी. इंजिनाला हवा कमी. मी वळणं तीन दिली, भोक एकट्या इंजिनाच्या हिशेबानं धरलं. अल्टरनेटरही तापतो हे विसरलो. माझ्यासारख्यानं विसरावं!

आता हवा बाहेर ओढायला जुन्या कुलरचा पंखा, आणि आत येणाऱ्या वाटेला कुलरचीच गवताची ताटी. हवा जाते, आवाज अडकतो. ताटी थंड बाजूलाच, गरम बाजूला नाही.

संध्याकाळी दादा येऊन गेला. दिवे जोडून थोडा वेळ लोडावर चालवून दाखवलं. म्हणाला, "चालू आहे का?" मी म्हटलं, हात ठेवून पाहा. त्यानं हात ठेवला. "हाव गा, धडधडते." हसला. थोड्या वेळानं परत, "चालू आहे का?" मला वाटलं थट्टा करतो. मी पण हसलो.

३ नोव्हेंबर

ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत पेटी घालून मुद्दाम खराब रस्त्यानं फिरवून आणली. आल्यावर वरच्या बाजूनं आवाज गळायला लागला. ठोकून पाहिलं तर वर पोकळ. हादऱ्यानं कोंडा खाली बसला होता, चांगला वितभर. प्लाय काढला, भिंतीत आडव्या पट्ट्या मारून खण केले, प्रत्येक खण वेगळा ठासला. आता बसला तर बोटभर बसेल.

दाराला जुन्या ट्यूबच्या पट्ट्या. दोन कड्या, दाबून लागणाऱ्या.

सौ.ला वीस पावलांवर उभी केली. इंजिन चालू. म्हटलं साध्या आवाजात बोल.

"काय बोलू?"

ऐकू आलं. अगदी साफ. मी म्हटलं अजून बोल.

"पंधरा दिवसापासून बाथरूमचा नळ गळते, तो दिसत नाई का तुमाले?"

तेही साफ.

१७ नोव्हें.

दिवाळी आटोपली. काल हंगामाचं पहिलं नाटक, ब्रह्मपुरीच्या अलीकडच्या एका गावात, मंडईनिमित्त, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेनिमित्त. पेटी स्टेजमागं लावली. लोक येऊन हात लावून जात होते. आमच्या कंपनीचा पेटीवाला, म्हणजे हार्मोनियमवाला, दहा जणांसमोर म्हणाला, "मिस्तरी, माझी पेटी वाजते म्हनून लोक मले बोलावतात. तुमची वाजत नाई म्हनून तुमाले बोलावतीन." तेव्हापासून तिचं नाव पडलं, न वाजणारी पेटी. मला आवडलं. दाखवलं नाही.

नागपूरहून आलेल्या हिरोइनबाई म्हणाल्या, पहिल्यांदा घसा न बसता नाटक झालं. मॅनेजर खूश. कंपनी त्याच्या हातात, तो खूश तर सगळे खूश.

दादाच्या प्रवेशाच्या वेळी मी मागंच होतो, पंखा बघत. बाहेर मंडईचे भोंगे आणि आकाशपाळण्याचं इंजिन चालू होतं, त्यामुळं खरी परीक्षा झाली असं म्हणता येत नाही.

एक गोष्ट खटकली. मारोतराव आमचा प्रॉम्प्टर. स्टेजच्या पुढच्या खड्ड्यात नाटकाची वही घेऊन बसतो, नट अडला की पहिला शब्द देतो. दादाचा लहानपणचा सोबती. तो पडदा पडल्यावर आला.

"मिस्तरी, पेटीचं दार जरासं उघडं ठेवता येते का?"

"काऊन?"

"नाई म्हटलं... इंजिन आयकू नाई आलं का मले भेव लागते. लाइट गेली तर वही कशी वाचू?"

मी म्हटलं मारोतराव, लाइट गेली तर तुम्हाला दिसेलच ना. तो उभा राहिला, मग गेला. आयुष्यभर गडबडीत काम केलेल्या माणसाला शांतता सोसत नाही, असं मी सौ.ला सांगितलं. मला त्याचा रागच आला होता.

२२ नोव्हें.

लहान गाव, लहान नाटक, दादाचं काम नव्हतं. इंजिन छान. डिझेलही कमी लागतं असं वाटतं, पण दोन प्रयोगांवरून बोलणं बरोबर नाही.

साउंडवाल्याला सांगून ठेवलं आहे : चामोर्शीकडच्या नाटकात दादाच्या प्रवेशाला टांगलेले माइक मोकळे सोड, आवाज पुरा वाढव. आता शिट्टी मारणार नाहीत. तो म्हणाला, "मिस्तरी, तुम्ही म्हणाल तसं."

मी म्हणालो तसं.

३० नोव्हें.

काल. नीट लिहितो. न लिहून काय होणार.

चामोर्शीच्या पुढचं गाव. गर्दी चांगली, वारा नाही, आजूबाजूला दुसरा भोंगा नाही. पेटी अशी चालत होती की स्टेजच्या बांबूला कान लावला तरच कळावं. आणि पेटी चांगली असल्यामुळं मला तिथं बसायची गरज नव्हती. किती वर्षांनी मी पुढं जाऊन लोकांत ताडपत्रीवर बसलो. दादाचा प्रवेश समोरून पाहायचा म्हणून.

दादा आला. चांगला दिसत होता. थांबला, खांद्यावरचं घोंगडं नीट केलं. लोक एकदम गप्प. मला छातीत भरून आलं, लपवत नाही. ही शांतता मी बनवली होती.

मग भोंग्यातून आवाज आला, "दार लोटून घे रे पोरा."

दादाचे ओठ हलले नव्हते.

मग दादा म्हणाला, "दार लोटून घे रे पोरा."

भोंगा : "थंडी आत येईल."

दादा : "थंडी आत येईल."

पहिल्यांदा मला वाटलं साउंडमध्ये काही उलट जोडलं. मग कळलं. मारोतराव. शब्द देत नव्हता. वाक्यंच्या वाक्यं वाचत होता, ओरडून, इंजिनावरून ओरडायची सवय लागल्यासारखा, आणि मी मोकळे सोडायला लावलेले माइक ते गावाच्या वेशीपर्यंत नेत होते. दादा एकेक वाक्य घ्यायचा आणि पुढच्याची वाट पाहायचा. चेहऱ्यावर सगळं बरोबर होतं, हात बरोबर होते. फक्त शब्द त्याच्याजवळ एकही नव्हता.

बाप घर सोडून चालला आहे आणि प्रत्येक वाक्याआधी त्याला खालून हुकूम येतो, असं ते दिसत होतं.

पुढं बसलेली सगळी पोट्टी फिसकन हसली. एक बाई आपल्या पोराला दटावत होती, तिलाही हसू येत होतं. मागून कोणीतरी, "अबे, खालचा बापच मस्त बोलते!" आणि मग मधून एकजण उभाच राहिला.

"वन्समोर! खालच्याले वन्समोर!"

सगळा मांडव हसला.

मारोतराव गप्प झाला. त्याचं तरी काय चुकलं, कोणीही झाला असता. पण तो गप्प झाला आणि दादा तिथं उभा राहिला. वाट पाहत. घोंगडं धरून. खड्ड्याकडं पाहत नव्हता, नटानं पाहायचं नसतं, ते त्याच्या अंगात होतं अजून. समोर कुठंतरी बघत होता. मी जिथं बसलो होतो तिथंच बघतो आहे असं मला वाटलं. तसं नसेल. उजेडातून अंधारातलं दिसत नाही.

मी उठून पळालो. लोकांच्या पायांवरून. मागं गेलो, दोन्ही कड्या काढल्या, दार उघडलं, वरचं झाकण पण फेकलं. इंजिनाची घरघर मांडवात शिरली. माइक शिट्टी मारायला लागले. कोणी ओरडलं, "लाइट जाते का बे?" त्या गोंधळात मारोतरावानं परत सुरू केलं असावं, कारण मला स्टेजच्या कापडावर दादाची सावली हलताना दिसली. हात वर गेला, खाली आला. प्रवेश पुरा झाला. काय बोलला, कोणालाच ऐकू आलं नाही.

सकाळी जीपमध्ये दादाच्या गालावर रंग तसाच होता. गाव आल्यावर उतरताना म्हणाला,

"दार तूच उघडलं ना?"

"हो."



१ डिसेंबर

मारोतराव आला. ओट्यावर बसला, आत येईना. मीच विचारलं, कधीपासून?

"दोन हंगाम झाले जी. आंधी एखादं वाक्य जाय. मंग दोन. मागच्या साली मीच म्हटलं, दादा, तुमी कायले धास्ती घेता, मी आखं सांगत जातो, तुमी फकत बोला."

"मला कोणी सांगितलं नाही."

"कसं सांगाचं? दादाईनं वहिनीले शपथ घातली होती. मले पन. आन तुमच्या इंजिनाच्या भरवशावर चालून राह्यलं होतं ना. मी खालून कितीबी बोंबलो, लोकाईले वाटे का मशीन हाये."

मी स्टेजमागं दहा पावलांवर बसत होतो. दोन हंगाम. इंजिनाचा ठोका बदलला तर झोपेतून उठणारा माणूस मी.

वहिनी रोज दुपारी दाराला कडी लावून त्याच्याकडून वाक्यं म्हणवून घ्यायची, हेही मारोतरावाकडून कळलं. ज्या दिवशी वड्या घेऊन आली त्या दिवशीही तिकडून उठून आली असेल. आणि मी खडू घेऊन पत्र्यावर...

२ डिसें.

वहिनीकडं गेलो. दादा मागच्या अंगणात पाठमोरा बसला होता. वहिनीला म्हटलं, तुम्ही माझ्याशी एकदा स्पष्ट बोलायचं होतं.

"बोलली होती ना जी."

चिडून नाही म्हणाली. तांदूळ निवडत होती, मान वर न करता म्हणाली. मग, "डाक्टरले दाखवलं. तो म्हनते वयाचं हाये, कामात ठेवा, गप्प बसवू नका. म्हनून तर धडपड चालली होती. नाटक हाये तोवर हा मानूस सकारी उठते, दाढी करते."

निघताना तिनं चहा विचारला. मी घेतला.

३ डिसें.

मॅनेजर येऊन गेला. स्वतः, मोटारसायकलवर. आधी पेटीला हात लावला, मग खुर्चीत बसला.

"पेटी तर कमाल हाये, मिस्तरी. आनखी दोन कंपन्या इचारून राह्यल्या. बनवून द्याल का म्हनते."

मी पेटीची कडी लावली.

"दादाईचं काम आता दुसऱ्याले द्याव लागन. गावं फोन करून राह्यली. हसते लोक. आंधी चालून गेलं, कारन आयकूच नाई ये कोनाले. आता आयकू येते. तुमच्याच पेटीनं."

तो वाईट माणूस नाही. वाईट वाटून बोलत होता. "दादाईले तुमीच सांगा," म्हणाला. "तुमचे भाऊ हायेत."

सांगितलं नाही.

५ डिसें.

दिवसभर शेडात. पेटी उघडून पाहिली, काही दोष सापडतो का म्हणून. मनापासून शोधला. कोंडा बसलेला नाही. रबर सुटलेलं नाही. पंखा गरम नाही. लोडावर चालवली, तास गेले, बेल्टला बोट लावलं, कोमट. आयुष्यात इतकं नीट दुसरं काही बनवलेलं नाही, आणि ते मलाच माहीत. दुकानदार म्हणाला होता घरी होत नाही. झालं की.

संध्याकाळी मॅनेजरला फोन केला. म्हटलं, पेटी बाद आहे.

"कायची बाद? चालली ना मस्त."

"आतून तापते. कोंडा धुमसेल. एखाद्या दिवशी मांडव पेटेल. माझ्याकडून हिशेब चुकला."

"तुमच्याकडून?"

"माझ्याकडून."

मग म्हणाला, "म्हनजे जनरेटर पयल्यासारखाच उघड्यावर?"

"उघड्यावर."

"मंग दादाईले इचारा. ते तयार असन तर दहा तारखेच्या नाटकात ते काम त्याईचंच राहू द्या. माइक कमीच ठेवाले सांगतो."

त्याला सगळं कळलं असं मला वाटलं. फोन ठेवल्यावर सौ. दारात उभी होती. नळाचा विषय नव्हता, तो सकाळीच बदलला होता.

७ डिसें.

काल आरमोरीकडं नाटक. दादा नव्हता. जनरेटर उघड्यावर, डोकं उठेल असा. हार्मोनियमवाला आला.

"काय मिस्तरी, पेटी फसली म्हनते?"

"फसली."

"मी म्हटलंच होतं बाप्पा, कोंड्याचा कुठी भरवसा राह्यते? कोंबडे ठेवा आता तिच्यात."

चारजण हसले. मी पण हसलो. हिशेब समजावून सांगावा, वाळूची भिंत दाखवावी, खण दाखवावेत, असं जिभेवर आलं होतं. दुसऱ्या कंपनीचा माणूसही होता, तो मान हलवून निघून गेला. आता हे सगळ्या हंगामात फिरेल. फिरो.

पण रात्रभर इंजिनाजवळ बसून एकच आलं मनात. हा आवाज मी परत आणला, तरी दादाला आता माहीत आहे की त्याच्या आडोशाला काय आहे ते सगळ्यांना कळलं. आधी त्याला वाटत असेल की कोणाला माहीत नाही. ते काही मला परत आणता येत नाही.

८ डिसें.

दादा शेडात आला. एकटा. पेटी कोपऱ्यात सरकवून वर पोती टाकली होती. त्यानं पोती बाजूला केली, दार उघडलं, लावलं. परत उघडलं, लावलं. दार बसताना जो आवाज येतो, जवळजवळ न येणारा, तो ऐकत होता.

"फेल झाली म्हनते."

"हो. तापते."

"लबाड बोलतेस बे." माझ्याकडं न बघता. "तुझं काम फेल नाई होत."

मी स्पॅनर पुसत बसलो.

मग म्हणाला, "त्या दिवशी तू पुढं होता का?"

"हो."

"कसा दिसलो?"

मी खरं तेच सांगितलं. घोंगडं नीट केलं तेव्हा सगळा मांडव गप्प झाला, इतकी वर्षं मागं बसून मी काय गमावलं ते मला तेव्हा कळलं. तो ऐकत होता. त्याला बरं वाटलं की नाही, सांगता येत नाही.

"दहा तारखेचं विचारलं आहे मॅनेजरनं," मी म्हटलं. "येशील?"

"पाहू."

९ डिसें.

मारोतराव दुपारी दादाकडं होता. कडी लावलेली. मी गेलो नाही.

सौ. जाऊन आली. म्हणे दादा पहिली चार वाक्यं न अडता बोलला. मग मारोतरावालाच विचारलं, नाटकात पोराचं काम कोण करतो. मारोतरावानं नाव सांगितलं. चांगला पोरगा आहे, दादा म्हणाला.

१० डिसें.

जीप दादाच्या दारात. मी पुढं, ड्रायव्हरच्या बाजूला. मारोतराव मागं, वही पिशवीत. जनरेटर सकाळीच ट्रॉलीतून पुढं गेला, उघडाच. हे मांडीवर लिहितो आहे.

दादा तयार होऊन आला. दाढी केलेली, पांढरा सदरा, वहिनीनं पिशवी हातात दिली. जीपच्या पायरीवर पाय ठेवला, आत बसला. मी मागं वळून पाहिलं तर खिडकीतून घराकडं पाहत होता. ड्रायव्हरनं किल्ली फिरवली.

"थांब गा," दादा म्हणाला. "चष्मा राह्यला."

उतरला आणि आत गेला. चष्मा त्याच्या डोळ्यावरच होता. वहिनीनं पाहिलं, मारोतरावानं पाहिलं, मी पाहिलं. विसरला म्हणून गेला, की जायचं नाही म्हणून, ते ओळखता येईना.

ड्रायव्हरनं दोनदा हॉर्न दिला. वहिनीनं हातानं त्याला थांबवलं आणि तिथंच उंबऱ्याबाहेर उभी राहिली, आत गेली नाही.

जीपचं इंजिन बंद करायला सांगितलं. घरात काही वाजतं का, ऐकतो आहे.